शेवटचा रकाना

मार्चअखेरीस आमच्या ग्रंथालयात सकाळचा उजेड एकदम येत नाही. आधी तो गोठलेल्या सरोवरावर बराच वेळ रेंगाळतो, तिथे राखाडीचा हळूहळू पांढरा होतो, मग खनिज भरायच्या जुन्या धक्क्याच्या खांबांमधून गाळून निघतो आणि आठ वाजून गेल्यावर केव्हातरी पूर्वेकडच्या तीन खिडक्यांपैकी शेवटच्या खिडकीच्या चौकटीवर येऊन टेकतो. चौकटीवरून लाकडी जमिनीवर उतरायला त्याला पाच-सहा मिनिटं लागतात. जमिनीवर हिवाळाभर बुटांबरोबर आत आलेल्या मिठाचे डाग असतात; ते आधी दिसतात. मग फोटोकॉपी यंत्राची काच उजळते, मग वर्तमानपत्रं अडकवायच्या लाकडी दांड्या, मग मोठ्या अक्षरांतल्या कादंबऱ्यांची प्लास्टिकची वेष्टनं. त्यांवर उमटलेले वाचकांच्या बोटांचे ठसे एरवी दिवसभरात कधी दिसत नाहीत. उजेड पुढे सरकतो तसे पुस्तकांच्या पाठींवरचे आकडे ओळीनं वाचता येऊ लागतात: आधी धर्म, मग समाज, मग भाषा, मग विज्ञान. चांगल्या पुस्तकावर तो जास्त थांबत नाही, वाईटाला टाळत नाही. ग्रंथालय नऊला उघडतं. त्याआधीचा अर्धा-पाऊण तास मी संदर्भ विभागाच्या टेबलामागे, अंगातला कोट न काढता बसून असतो. त्या उजेडाकडे पाहताना मला वाटत राहतं की आपणही असंच असावं. सगळं दाखवावं आणि कशाबद्दल काही म्हणू नये.

आमच्या कामाचा तसा नियमच आहे. संदर्भाच्या टेबलावर बसणाऱ्यानं मत द्यायचं नसतं. कोणी औषधाबद्दल विचारलं, वकिलाबद्दल विचारलं, साठवलेले पैसे कुठे गुंतवू म्हणून विचारलं, तर त्याच्यासमोर स्रोत ठेवायचे आणि निवड त्याची त्याला करू द्यायची. हा नियम मला पहिल्या दिवसापासून प्रिय आहे. माझ्यासारख्या बुजऱ्या माणसाला लपायला याहून चांगली जागा मिळाली नसती.

"अजून कोट अंगात? काल घरी गेलास की नाही?"

त्या सोमवारी रोंडा पेल्कोला मागच्या दारानं आत आली ती परतीच्या पेटीतली पुस्तकं गाडीवर रचूनच. रोंडा देवघेवीच्या काउंटरवर एकोणीस वर्षं आहे. मी इथे साडेतीन वर्षांपूर्वी आलो, तेव्हा पहिल्या आठवड्यात मला कोणाची थट्टा कशी घ्यायची आणि कोणाला आवाज न चढवता बाहेर काढायचं हे तिनंच शिकवलं. गावातल्या निम्म्या लोकांचे सभासद-क्रमांक तिला पाठ आहेत. चाळिशीत तिनं बी.ए. पूर्ण केलं, आणि आता सत्तेचाळिसाव्या वर्षी तिला ग्रंथालय आणि माहितीशास्त्राची पदव्युत्तर पदवी हवी होती. आमच्या मुख्य ग्रंथपाल लोइस हेन्री पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या, आणि ती पदवी नसलेल्या माणसाला त्यांच्या खुर्चीत बसवता येत नाही असा राज्याचा नियम आहे. रोंडानं या शरदात प्रवेश घेतला तर जागा तिच्यासाठी राखून ठेवू, असं विश्वस्तांनी तिला सांगितलं होतं. तोंडी सांगितलं होतं, कागदावर काही नव्हतं.

"झाला का माझा तक्ता?" तिनं विचारलं.

तक्ता झाला होता. तक्ते करणं ही माझी एकमेव हौस आहे असं म्हटलं तरी चालेल. तीन अभ्यासक्रम, तीन ओळी. पहिली ओळ आमच्या राज्याच्या विद्यापीठाची: घरबसल्या शिक्षण, एकूण तेवीस हजार डॉलर. दुसरी शेजारच्या राज्याची: एकतीस हजार. तिसरी ओळ माझ्या कॉलेजची, पूर्वेकडच्या मोठ्या शहरातल्या विटांच्या इमारतींच्या खासगी कॉलेजची: अडुसष्ट हजार. पुढच्या रकान्यात ग्रंथालय संघटनेची मान्यता. ती तिघांनाही होती. मग मुदत, मग प्रवासाचे आठवडे, आणि शेवटच्या रकान्यात, पदवीनंतर सहा महिन्यांत याच क्षेत्रात पूर्णवेळ नोकरीला लागलेल्यांचं प्रमाण. पहिल्याचं त्र्याहत्तर टक्के. दुसऱ्याचं ऐंशी. माझ्या कॉलेजचं चौऱ्याण्णव.

रोंडानं चष्मा कपाळावरून खाली ओढला. तिचं बोट मान्यतेच्या रकान्यावरून न थांबता घसरत गेलं आणि शेवटच्या रकान्यावर टेकलं.

"शंभरातले चौऱ्याण्णव! आणि हे तुझंच ना?"

"हो."

"म्हणजे तू त्या चौऱ्याण्णवांतला." ती हसली. "बघ ना, लागलीच की तुला नोकरी. मी आयुष्यभर उरलेल्या सहांत असते, रूबन. शाळेत संघ निवडायचे तेव्हापासून. उद्या विश्वस्तांनी शब्द फिरवला तर ही त्र्याहत्तरवाली पदवी घेऊन मी कुठे जाऊ? या वयात मला कोण उभं करणार?"

"पण अडुसष्ट हजार..."

"कॅम्प विकते. शिकागोचा एक माणूस दोन वर्षं मागे लागलाय."

कॅम्प म्हणजे सरोवराकाठची तिच्या वडिलांची जागा. दोन खोल्या, त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेला सौना, म्हणजे लाकडं पेटवून वाफेची अंघोळ करायची खोली, आणि बोट ओढून ठेवायला लाकडाचा उतार. दर उन्हाळ्यात रोंडा तिथून पोळलेली पाठ आणि धुराचा वास घेऊन कामावर येते.

एव्हाना नऊ वाजले होते आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाशी आमचा पहिला वाचक अर्व्हिड येऊन बसला होता. तो बहिरा आहे असं सगळे समजतात, पण तो नाही. "पन्नाशीला पदवी घेणार म्हणे," तो पान उलटत म्हणाला. "आमच्या काळी पन्नाशीला माणसं मरायची तयारी करायची."

"तू ऐंशीचा झालास, अर्व्हिड, तुझी काही तयारी दिसत नाही. आणि काल शब्दकोडं पेनानं सोडवलंस, मी पाहिलंय." मग ती माझ्याकडे वळली आणि आवाज उतरवून म्हणाली, "खरं सांग. तू माझ्या जागी असतास तर कुठे गेला असतास?"

मी तक्त्याकडे पाहिलं. उत्तर त्या तक्त्यातच होतं, आणि ते मला तीन वर्षांपासून ठाऊक होतं. लोइसनी माझ्या मुलाखतीत कॉलेजबद्दल एकच प्रश्न विचारला होता: मान्यता आहे ना? हो म्हटल्यावर त्यांनी पुढचा कागद उचलला होता. तीन पदव्या होत्या आणि तिन्ही एकाच दारातून आत जात होत्या.

"आपण मत देत नाही," मी म्हणालो.

"तुझा तो स्रोतवाला चेहरा काढून ठेव जरा."

"मी आकडे दिलेत, रोंडा. आकडे बोलतात."

असं मी बोललो. आज ते वाक्य लिहितानाही मला खोलीत कोणी नाही ना हे बघावंसं वाटतं.

पाच वर्षांपूर्वी मेमध्ये मी त्या कॉलेजातून बाहेर पडलो. लहान गावांच्या ग्रंथालयांसाठी तिथे एक छोटी शाखा होती. आमच्या वर्षी आम्ही सतरा जण होतो. नोव्हेंबरात कॉलेजकडून प्रश्नावली आली. मी तेव्हा शहराबाहेर टायरच्या एका गोदामात कामाला होतो. सकाळी सातपासून ट्रकमधून टायर उतरवायचे, आकाराप्रमाणे लावायचे, घरी आल्यावर नखांतलं काळं टूथब्रशनं घासायचं. एका रविवारी, जेवणाचं ताट बाजूला सारून, मी तो फॉर्म उघडला. 'आपल्या क्षेत्रात पूर्णवेळ नोकरी आहे का?' मी 'हो'वर खूण केली. पदाच्या जागी 'माहिती संघटन तज्ज्ञ' असं लिहिलं. पगार विचारला होता. तिथे बावन्न हजार लिहिले, कारण पन्नास हे अगदी ठरवून लिहिल्यासारखं वाटलं असतं. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो की हे अगदीच खोटं नाही. टायरांनाही क्रमांक असतात, मीही ते वर्गवारीनं लावतोच.

सतरांतल्या सोळा जणांनी 'हो' म्हटलं. सतरांतले सोळा म्हणजे चौऱ्याण्णव टक्के. नंतरच्या वर्षांत त्या शाखेत विद्यार्थी फार थोडे उरले, म्हणून कॉलेजनं आमच्या वर्षाचा आकडा तसाच ठेवला, खाली बारीक अक्षरांत तळटीप देऊन: सतरा उत्तरांवर आधारित. तक्ता करताना मी ती तळटीप वाचली होती. रकाना अरुंद आहे या सबबीवर मी ती गाळली.

त्या सोळांतले आणखी दोघं मला माहीत होते. त्यांतला एक जण कॉफीच्या दुकानात होता. दुसरी बहिणीची मुलं सांभाळत होती. ज्या सतराव्या व्यक्तीनं 'नाही'वर खूण केली तिच्याबद्दल मी फार विचार केला आहे. ती कोण, ते मला कधी कळलं नाही. कुठल्या खोलीत बसून, कोणती खिडकी समोर असताना, तिला तो शब्द निवडणं जमलं असेल? तिचा मला इतका हेवा वाटतो की कधीकधी मी तिला चेहरा देतो, आणि तो चेहरा मग माझ्याकडे पाहत नाही.

मंगळवारी रोंडानं तक्ता लोइसना दाखवला. मी पलीकडे मायक्रोफिल्मच्या यंत्राशी उभा होतो.

"किंमत जरा जास्त नाही?" लोइस म्हणाल्या.

"रूबन तिथला आहे," रोंडा म्हणाली, जणू तेवढ्यानं मुद्दा संपत होता.

लोइसनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना गोदामाबद्दल माहीत होतं. माझ्या अर्जात ते नमूद होतं, आणि 'वजन उचलता येतं, हे बरंच झालं' एवढंच त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. कॉलेजला मी काय कळवलं हे मात्र त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. तरी मी यंत्राच्या भिंगात डोळा घातला आणि नव्वद वर्षांपूर्वीची एक श्रद्धांजली तीनदा वाचली.

बुधवारी ग्रंथालय दुपारी उघडतं. गुरुवारी शिकागोचा माणूस कागदपत्रं घेऊन कॅम्पवर येणार होता, म्हणून बुधवारी सकाळी सामान काढायला रोंडानं मला बरोबर घेतलं. शेवटचा अर्धा मैल बर्फ काढलेला नव्हता. आम्ही तिचा ट्रक वरच्या रस्त्याला लावला आणि बर्फावरची स्लेज-गाडी ओढत झाडांमधून खाली उतरलो. तिनं वाटेत खायला पास्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, आणल्या होत्या, एक मला दिली आणि म्हणाली, "खा, तुझं वजन टायरच्या ट्यूबएवढंसुद्धा नाही." तिनं सहज म्हटलं होतं. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

कॅम्पच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी होती. खुर्च्या मी बाहेर नेत होतो. ती खुंटीवरचे वडिलांचे लोकरी शर्ट काढून पिशवीत भरत होती. चौथी खुर्ची बाहेर नेऊन मी परत आलो तेव्हा एक शर्ट तिनं भरला नव्हता, नुसता हातात धरला होता. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. किमतीच्या चिठ्ठीकडे बघावं तशी ती त्या शर्टाकडे बघत होती.

"रोंडा," मी म्हणालो. "तो चौऱ्याण्णवचा आकडा खरा नाही."

"कसला आकडा?"

"तक्त्यातला. शेवटच्या रकान्यातला."

"तूच तर लिहिलास."

"कॉलेजनं दिला तसा उतरवला. पण तो आमच्या वर्षाचा आहे. आम्ही सतराजण होतो. मी नोकरी आहे म्हणून लिहिलं, आणि मी टायरच्या गोदामात होतो."

आधी ती हसलीच. "टायरच्या?"

"अकरा महिने. ट्रक रिकामे करायचो."

तिचं हसू एकदम गेलं नाही. ते तोंडावर राहिलं आणि डोळ्यांतून आधी निघून गेलं. तिनं शर्ट टेबलावर ठेवला, कोटाच्या खिशातून माझा तक्ता काढला, आणि चिमणीजवळच्या डब्यातली पेन्सिल घेऊन कडेला भागाकार मांडला. देवघेवीच्या काउंटरवर उशिराचा दंड ती असाच काढते, ओठ हलवत.

"तुला काढलं तर सतरांतले पंधरा. अठ्ठ्याऐंशी. तरी त्र्याहत्तरपेक्षा जास्तच."

"मी एकटा नव्हतो. आणखी दोघं मला माहीत आहेत."

"म्हणजे तेरा. आणि माहीत नसलेले किती?"

"माहीत नाही."

"माहितीशास्त्र!" ती म्हणाली. एवढा एकच शब्द, आणि तोही मोठ्यानं नाही. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. मग तिचा आवाज चढला. "सोमवारी मी तुला तोंडावर विचारलं होतं. काउंटर सोडून, तुझ्या टेबलापाशी येऊन. तेव्हा म्हणे आपण मत देत नाही! आणि आज बाबांचे शर्ट पिशवीत भरून झाल्यावर सांगतोस? शुक्रवारपर्यंत थांबायचं होतंस, म्हणजे त्या शिकागोवाल्याला सौना पेटवून देताना सांगता आलं असतं!"

"पहिल्याला जा," मी म्हणालो. "तेवीस हजारांच्या. संघटनेची मान्यता तीच, राज्याला हवी ती पदवी तीच. लोइसनी मला कॉलेजचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. विश्वस्तांनी शब्द फिरवला तरी दुसरीकडे तेवढंच विचारतील. जास्तीचे पंचेचाळीस हजार मी कशाला दिले ते मला सांगता येत नाही. मी अजून फेडतोय."

"हे मत झालं."

"हो."

"साडेतीन वर्षांत पहिलं." तिनं पेन्सिलीनं शेवटच्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत एक रेघ मारली, मग दुसरी. कागद फाटायला आला तेव्हा थांबली. "त्या खुर्च्या आत आण," ती म्हणाली. "चारही. आणि पाय पुसून आण, बाबांना ओली जमीन चालायची नाही."

मी वळलो तेव्हा तिनं पाठीमागून विचारलं, "पण तसं लिहिलंस कशाला? नव्हती नोकरी, तर नव्हती. कोण फाशी देणार होतं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी तयार होतं. गेली पाच वर्षं मी ते स्वतःला देत आलो होतो. मी तिला प्राध्यापक थर्लोबाईंबद्दल सांगितलं. त्यांनी माझ्या शिफारसपत्रात मला 'त्यांच्या वर्गातला सर्वांत नेमका विद्यार्थी' म्हटलं होतं. शेवटच्या तासाला माझा हात हातात घेऊन, 'तुमच्या चांगल्या बातमीची मी वाट बघेन,' असं म्हटलं होतं. फॉर्म भरताना मला त्यांचा चष्मा दिसत होता, मी म्हणालो. माझं उत्तर वाचताना त्यांचा चेहरा कसा होईल तेवढंच मला दिसत होतं.

रोंडा ऐकत होती. तिच्या कपाळावरची आठी सुटत गेली.

"म्हणजे तुझं नाव वाचलं असतं तिनं," ती म्हणाली. "गोदाम. आणि शेजारी तुझं नाव."

"हो," मी म्हणालो.

"हं." तिनं वडिलांचा शर्ट पुन्हा खुंटीवर अडकवला. "मग कळतं मला. ज्यानं आपल्याला मानलं त्याच्यासमोर तोंड दाखवायचं असतं माणसाला. मीसुद्धा कदाचित..." वाक्य तिनं पूर्ण केलं नाही. जाताजाता माझ्या दंडावर तिनं थोपटलं, रागानं आणि मायेनं, दोन्ही एकाच हातानं. फोनला खाली रेंज नसते, म्हणून शिकागोच्या माणसाला नकार कळवायला ती वरच्या रस्त्याकडे निघाली. झाडांमधून तिचा लाल कोट बराच वेळ दिसत राहिला.

मी एकेक खुर्ची उचलून पाय पुसले आणि आत नेल्या. तिची माफी माझ्या दंडावर अजून होती आणि ती कशाच्या भरवशावर दिली गेली होती ते मला माहीत होतं. ती परत आली, दुपारी आम्ही ग्रंथालय उघडलं, एप्रिलमध्ये तिनं राज्याच्या विद्यापीठाचा फॉर्म माझ्याच टेबलावर बसून भरला. या सगळ्या काळात मी तिला ते सांगितलं नाही.

त्या प्रश्नावलीत नाव लिहायला जागाच नव्हती. ती निनावी होती.